चवकरांची जीभ

कारखान्यात त्यांना सगळे चवकर म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पगाराच्या पाकिटावर ते छापलेलंही असे, पण दारावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत कुणालाच ते चटकन आठवत नसे. बटाट्याच्या तळलेल्या चकत्या आणि मक्याच्या नळ्या पाकिटांत भरून विकणारा तो कारखाना. तिथे चवकर बावीस वर्षं एकच काम करत होते. माल चाखायचा आणि तो बाहेर जाऊ द्यायचा की नाही, ते सांगायचं.

त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. खिडक्या कायम बंद, कारण तळणीचा वास आत आला की जीभ फसते. पांढऱ्या भिंती, स्टीलचं टेबल, टेबलावर कोमट पाण्याचा जग, बिनमिठाच्या पावाचे तुकडे आणि एक खोलगट वाडगा. वाडगा चाखलेलं थुंकण्यासाठी दिलेला होता. चवकर त्यात पेन्सिली ठेवत.

खाली तीन लाइनी चालत. दर अर्ध्या तासाला प्रत्येक लाइनीवरून एक बशी वर येई. चवकर एक चकती कानाशी नेऊन मोडत, दुसरी हुंगत, तिसरी तोंडात टाकून डोळे मिटत, सावकाश चावत आणि गिळत. मग कार्डावरचे पाच रकाने भरत: मीठ, आंबट, तेल, कुरकुर आणि मागाहून घशात येते ती चव. हा पाचवा रकाना त्यांनी स्वतः वाढवून घेतला होता. "माल गिळल्याशिवाय त्याचं पोटातलं कळत नाही," असं ते म्हणत.

एकदा त्यांनी भर दुपारी दोन नंबरची लाइन बंद पाडली होती. तेलात साबण आहे, म्हणाले. खालचे लोक हसले. लॅबमध्ये तेल तपासलं, त्यात काही सापडलं नाही. चवकर हटून बसले. शेवटी टाकी रिकामी केली तेव्हा तळाशी, नळीच्या वळणात, आदल्या धुलाईचं साबणाचं पाणी साचलेलं निघालं. त्या दिवसापासून त्यांच्या कार्डावर कुणी ब्र काढला नाही. साहेबसुद्धा त्यांच्या खोलीत यायचे असले की जिन्याखाली सिगरेट विझवून मग वर चढत.

घरी त्यांची थोरली बहीण असे. चवकरांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन परगावी गेली होती. ताईनं लग्नच केलं नव्हतं. तिनं एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली, आजाऱ्यांचं पथ्याचं जेवण रांधण्यात. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, तिथली खोली सोडावी लागली, तेव्हा भावाकडे राहायला आली. दोन लोखंडी पेट्या, एक जड बुडाचं पातेलं आणि स्वतःची सुरी एवढंच तिनं बरोबर आणलं.

दोघांचं तसं बरं चाले. खटका उडे तो फक्त जेवताना. ताई जे रांधे त्याला चवकर "वॉर्डाचं जेवण" म्हणत. कारखान्यातून ते रोज तुटक्या मालाची एक पिशवी आणत आणि ताईनं वाढलेल्या भाजीवर, भातावर, अगदी सूपवरसुद्धा त्या चकत्या मुठीनं चुरून टाकत.

"जरा जीव येतो जेवणात," असं वर म्हणत.

ताई त्यांच्या हाताकडे बघे आणि आपल्या ताटात मान घाली. ज्यांना तोंडाला चव नाही अशा माणसांना तिनं आयुष्यभर खाऊ घातलं होतं. नाक मुरडलेलं तिला नवीन नव्हतं.

मग कारखान्यातली कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आली. डॉक्टरीणबाईंनी चवकरांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला, पट्टा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला.

"जिना चढून आलात का?" त्यांनी विचारलं.

"उतरून आलो," चवकर म्हणाले.

"एकशे ऐंशी. खालचा एकशे दहा. डोकं दुखतं?"

"सकाळी दुखतं. चहा घेतला की थांबतं."

"पाय सुजतात?"

चवकरांनी मोज्याची कड खाली केली. नडगीवर मोज्याचा वळ खोल उमटला होता.

डॉक्टरीणबाईंनी मग खाण्याबद्दल विचारलं. चवकरांनी जेवणाचं सांगितलं, न्याहारीचं सांगितलं. चाखायच्या बश्यांचं सांगितलं नाही, कारण ते त्यांच्या लेखी खाणं नव्हतंच, काम होतं. पण लॅबवाल्या बाई रांगेत त्यांच्या मागेच उभ्या होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, हिशेबाला पक्क्या. त्या सहज म्हणाल्या, "दिवसाला पंचेचाळीस बश्या होतात डॉक्टर. प्रत्येकीतलं पाच ग्रॅम जरी धरलं तरी पाव किलोच्या आसपास जातं. आणि त्यात मीठच साडेचार ग्रॅम."

"म्हणजे माणसाला दिवसभराला पुरेल एवढं मीठ हे घरी जायच्या आत संपवतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि थुंकत का नाही तुम्ही?"

"चव घशात लागते," चवकर म्हणाले.

"झटका मेंदूत लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. गोळ्या दिल्या, आणि आठ आठवडे रजा. कारखान्याचा माल तोंडात घालायचा नाही. घरचं, ताजं, बेतानं मीठ घातलेलं जेवण. मधल्या वेळेला फळं, दाणे, काकड्या-गाजरं. "घरी कोण स्वयंपाक करतं?"

"बहीण. इस्पितळात होती स्वयंपाकाला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरात असं माणूस आहे आणि तुम्ही इथवर आलात?"

चवकरांची रजा बावीस वर्षांत साठून साठून डोंगर झाली होती. साहेबांनी ती मंजूर केली, पण त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तोवर लॅबवाल्या बाईंनी आणि पाळीच्या मुकादमानं मिळून चाखायचं ठरलं.

पहिल्या दिवशी दुपारी ताईनं ताट वाढलं. वाफवलेला मासा, त्यावर लिंबू, बाजूला फरसबी आणि भोपळा, भात, दह्याची वाटी. चवकरांनी एक घास घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"हे खायचं की यानं भांडी पुसायची?"

"आधी खा," ताई म्हणाली. "मग पूस."

मिठाची बरणी टेबलावरच होती. ताईनं ती लपवली नव्हती. चवकरांनी बरणीकडे बघितलं, ताईकडे बघितलं.

"हलवली नाहीस ती?"

"लपवाछपवी करायला तू काय लहान आहेस? आठ आठवडे तुझे आहेत, रक्त तुझं आहे. मी रांधते तेवढं."

ही युक्ती होती की खरंच तिला फिकीर नव्हती, हे चवकरांना कळलं नाही. त्यांनी बरणीला हात लावला नाही. पण जेवण झाल्यावर खिशातली पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कडेला पाच रकाने आखले. मीठ शून्य, आंबट एक, तेल शून्य, कुरकुर शून्य, मागाहून येणारी चव शून्य. कागद ताईपुढे सरकवला. ताईनं चष्मा लावून तो वाचला, नीट घडी केली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. डोकं दुखायचं थांबलं, पण चवकर चिडचिडे झाले. सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा हात नकळत बशीसाठी पुढे जाई. त्या वेळेला ताई त्यांच्यापुढे काहीतरी ठेवे. कधी भाजलेले शेंगदाणे, कधी उकडून लिंबू पिळलेले चणे, कधी गाजराचे उभे तुकडे, कधी सोललेलं संत्रं. चवकर ते खिडकीशी बसून खात. खाली रस्त्यावर एक चांभार बसे, त्याच्या हातोडीचे ठोके मोजत चावत. दाणे त्यांना भुशासारखे लागत. केळं म्हणजे ओला कापूस. ताईशी ते दिवस दिवस मिठाची गुळणी धरून बसत, आणि बोललेच तर तिच्या डोक्याला ताप देत.

"तुझ्या इस्पितळात कुणी कधी म्हणालं का, की वा, काय सुरेख झालंय?"

ताई भोपळा चिरत होती. "नाही."

"एकतीस वर्षांत?"

"जो बरा होतो तो घरी जातो. जो बरा होत नाही त्याला खाववत नाही," ताई म्हणाली. "म्हणणार कोण?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चवकर उठून खिडकीशी गेले.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी एका सकाळी गाजर खाताना ते थांबले. तुकडा तोंडातून काढून बघितला, पुन्हा तोंडात घातला.

"ताई, गाजराला साखर लावलीस?"

"गाजराला कोण साखर लावतं?"

त्यांनी दुसरा तुकडा घेतला. टोकाकडचा भाग कमी गोड होता, देठाकडचा जास्त. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन टोपलीतली सगळी गाजरं बाहेर काढली, प्रत्येकाचा काप घेतला आणि ओट्यावर गोडीप्रमाणे ओळीनं मांडले. ताईला ओटा वापरता येईना, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. त्या दिवशी जेवण तासभर उशिरा झालं.

त्यानंतर रोज काही ना काही सापडू लागलं. दाण्याचं साल कडवट असतं आणि आतला गर दुधासारखा. पपईचा देठाजवळचा भाग फिका, खालचा गोड. एकाच झाडाच्या संत्र्यांतसुद्धा सावलीतलं संत्रं ओळखू येतं, असं ते सांगू लागले. झाड कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळे ताईनं वाद घातला नाही. आणि एका दुपारी फरसबीची भाजी खाताना त्यांनी घास मध्येच थांबवून, कारखान्यात बोलत तशा आवाजात विचारलं, "यात आंबट आहे. लिंबू नाही हे. दही पण नाही. काय आहे?"

ताईनं मान वर केली. "टोमॅटो. उन्हात वाळवून कुटलेला. चिमूटभर टाकला की मिठाची आठवण होत नाही."

"आणि खाली काहीतरी करपलंय. मुद्दाम करपवलेलं."

"कांदा. तेल न घालता कोरडा भाजायचा, काळे डाग पडेपर्यंत. मग वाटायचा."

"हे तुला शिकवलं कुणी?"

"शिकवतंय कोण? इस्पितळात मीठ मोजून मिळायचं, तेल मोजून मिळायचं. माणसं जेवली नाहीत तर बरी कशी होणार? मग करून बघायचं. निम्म्या गोष्टी फसायच्या. कांद्याचं जमायला दोन वर्षं लागली मला."

चवकर उरलेली भाजी एकेक शेंग करून खात राहिले. ही भाजी ते दोन वर्षं खात होते, वर चकत्या चुरून. हे त्यांच्या लक्षात आलं. ताईनं त्यांच्या वाटीत न मागता आणखी एक डाव भाजी वाढली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

उरलेले आठवडे चवकर स्वयंपाकघरातच घुटमळत राहिले. कांदा भाजायला शिकले, वाफ किती द्यायची ते शिकले. त्यांचा हात जड होता, सुरी चालवताना बोट कापून घेतलं. पण पातेल्यावरचं झाकण उचलून वासावरून "अजून दोन मिनिटं" असं ते सांगू लागले, आणि ते बरोबर निघे. ताईनं ते कबूल केलं. आठव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंच्या पट्ट्यानं एकशे चाळीस आणि नव्वद दाखवलं. पायांची सूज उतरली होती.

चवकर कामावर रुजू झाले. वाडग्यातल्या पेन्सिली खिशात गेल्या आणि वाडगा वाडग्याच्या कामी आला. एक नंबर लाइनीची पहिली बशी आली. त्यांनी चकती मोडली, हुंगली, तोंडात टाकली आणि ताबडतोब थुंकली. जीभ पोळल्यासारखी झाली होती. त्यांनी फोन उचलला आणि लाइन बंद करायला सांगितलं. मीठ दुप्पट आहे म्हणाले.

लाइन बंद झाली. लॅबवाल्या बाईंनी नमुना तपासला. मीठ होतं तेवढंच होतं, ठरल्याप्रमाणे.

अर्ध्या तासानं दोन नंबरची बशी आली. तीही खारट. मग तीन नंबरची. चवकरांनी तिन्ही कार्डांवर तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मुकादम वर येऊन दारात उभा राहिला.

"चवकर, दोन दिवसांत चार वेळा लाइन थांबली. खाली बायका हात बांधून बसल्यात. यंत्र पाहिजे तर पुन्हा तपासू, पण..."

लॅबवाल्या बाई मात्र कागद घेऊन आत आल्या आणि समोर बसल्या. त्यांनी आठ आठवड्यांचे आकडे दाखवले. त्याआधीच्या सहा महिन्यांचेही दाखवले. मिठाची रेघ सपाट होती.

"माल तोच आहे चवकर," त्या म्हणाल्या. "तुमची जीभ हलली आहे."

चवकरांना ते आधीच कळलं होतं. पण दुसऱ्यानं मोठ्यानं म्हटल्यावर त्यांनी समोरची कार्डं पालथी घातली. लोहाराचा हात जावा, घड्याळवाल्याचे डोळे जावेत, तसं काही झालं असतं तर निदान सांगता आलं असतं. इथे जीभ पूर्वीपेक्षा चांगली झाली होती आणि त्यामुळेच निकामी झाली होती.

त्यांनी मग एक पळवाट काढली. खारट लागलं की मनातल्या मनात दोन गुण वजा करायचे, आणि जुन्या जिभेला हे कसं लागलं असतं ते आठवून कार्ड भरायचं. आठवडाभर ते निभलं. कार्डं पूर्वीसारखी दिसू लागली, मुकादमाचा जीव भांड्यात पडला. चवकर मात्र रोज घरी जाऊन खिडकीशी बसत. न चाखता सही करणारा माणूस आणि आपण, यांत किती अंतर उरलं, हा विचार त्यांना सोडत नसे.

आठव्या दिवशी दोन नंबर लाइनीवरचा मीठ सोडणाऱ्या यंत्राचा पडदा उघडाच अडकला आणि तीन तास खरोखरच दुप्पट मीठ पडलं. लॅबची तपासणी सकाळी झाली होती, पुढची संध्याकाळी होती. मधल्या सहा बश्या चवकरांकडे आल्या. सहाही खारट लागल्या. त्यांनी सहांतूनही दोन गुण वजा केले आणि "ठीक" लिहिलं.

पाच दिवसांनी दुकानांतून खोकी परत यायला लागली. एका शाळेजवळच्या दुकानदारानं फोडलेलं पाकीट चिठ्ठीसकट पाठवलं होतं. पोरं तोंड वाकडं करून परत देतात, असं त्यात लिहिलं होतं.

साहेबांनी अजून कुणाला बोलावलं नव्हतं. चवकर स्वतःच त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रजेचं, गाजराचं, दोन गुणांचं. साहेब ऐकत राहिले. ते चिडतील अशी चवकरांची तयारी होती. ते चिडले नाहीत.

"बसा हो आधी," ते म्हणाले. "बावीस वर्षांत एक चूक. यावरून तुम्हाला काढणार आहे का मी? उपाय सोपा आहे. महिनाभर पूर्वीसारखं खा. घरी न्या पाकिटं, जेवणाबरोबर खा, काय हवं ते करा. जीभ आपोआप जाग्यावर येईल. मग थुंका, डॉक्टरांचं ऐका."

"आणि जाग्यावर आली की ती तिथे राहायला पुन्हा खावं लागेल," चवकर म्हणाले.

साहेबांनी हात पसरले. "तुमच्यासारखा माणूस मला दुसरा मिळायचा नाही चवकर. विचार करा. सोमवारी सांगा."

चवकरांनी खरोखर विचार केला. त्या खोलीत त्यांचा मान होता. तिच्याबाहेर ते कोण होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन पाकिटं घरी आणली, चांगल्या मालाची, आणि जेवायच्या टेबलावर ठेवली. ताईनं ती बघितली. चवकरांनी साहेबांचं म्हणणं तिला सांगितलं.

"काय करू?"

"मला नको विचारूस."

"तुला काय वाटतं तेवढं सांग ना."

"मला वाटतं ते मी रोज ताटात वाढते," ताई म्हणाली. तिनं भात उतरवला आणि पदराला हात पुसले. "पण काम तुझं आहे. मलाही माझं सोडताना रडू आलं होतं. तुला कुठे सांगितलं मी."

चवकरांनी पाकीट फोडलं. एक चकती घेतली, सवयीनं कानाशी मोडली, हुंगली आणि खाल्ली. या वेळी थुंकली नाही, गिळली. मीठ लागलं, तेल लागलं, मसाल्याचं आंबट लागलं. ते थांबून राहिले. मग दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली.

"यात बटाटा कुठे आहे?"

ताईला वाटलं ते काहीतरी विनोद करतायत.

"खरंच सांगतोय. सगळं लागतंय, बटाटा लागत नाही. कार्डावर पाच रकाने आहेत, बटाट्याचा नाहीच." ते पाकीट उलटसुलट करून बघू लागले. "बावीस वर्षं मला कधी सुचलं नाही."

सोमवारी त्यांनी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी आणखी एकदा समजावलं, मग मान डोलावली. पुढच्या महिन्यात पहिल्या मजल्यावरच्या खोलीत एकाऐवजी चार जण चाखायला बसू लागले: लॅबवाल्या बाई, मुकादम आणि पॅकिंगमधल्या दोघीजणी. त्यांना तयार करायला चवकर दीड महिना रोज सकाळी वर जात. पहिल्या दिवशी त्यांनी चौघांपुढे चार वाडगे ठेवले आणि थुंकायला शिकवलं. दोघींना लाज वाटत होती. "लाज मलाही वाटायची," ते म्हणाले. बशीवर बशी गिळून माणसाचं काय होतं तेही त्यांनी मोजा खाली करून सांगितलं, जरी आता दाखवायला वळ उरला नव्हता.

त्यांना स्वतःला मागच्या शेडमध्ये जागा मिळाली, जिथे बटाट्याच्या गाड्या येत. तिथे कुणी त्यांच्यासाठी सिगरेट विझवत नसे. पोत्यातून पाच बटाटे काढायचे, कापायचे, आतला काळेपणा बघायचा आणि शिक्का मारायचा. पहिले काही महिने त्यांना फार जड गेले. जुनी मंडळी जिन्यात भेटली की हवेबद्दल बोलत. चकत्यांची कुरकुर त्यांना आठवे, जीभ नको म्हणत असली तरी दातांना ती हवी असे. ताई मग गाजरं पाण्यात ठेवून कडक करी.

डबा मात्र शेडमध्ये गाजला. ताई दुपारच्या जेवणाबरोबर मधल्या वेळेचा वेगळा डबा देई, त्यात चणे, फळांच्या फोडी, उकडलेलं अंडं. गाड्यांवरचे हमाल आधी हसले, मग चव बघायला मागू लागले. त्यातल्या एकाला, सगळे त्याला लंबू म्हणत, डॉक्टरीणबाईंनी तोच पट्टा बांधला होता आणि तेच सांगितलं होतं. त्याच्या घरी रांधायला कुणी नव्हतं. ताई त्याच्यासाठीही डबा भरू लागली. मग दुसऱ्या एकासाठी. ही गोष्ट साहेबांच्या कानावर गेली आणि त्यांनी ताईला आठवड्यातून दोन दिवस कारखान्याच्या उपाहारगृहात येऊन शिकवायला बोलावलं.

ताई गेली. तिथल्या आचाऱ्याशी तिचं पहिल्याच दिवशी वाजलं, कारण त्यानं कांदा तेलात सोडला. चार महिने ती नेटानं जात राहिली, मग गुडघ्यांमुळे जिना चढवेना म्हणून थांबली. ती यायची थांबल्यावर आचाऱ्यानं बरंचसं पूर्ववत केलं. कोरडा भाजलेला कांदा राहिला, कारण त्यात तेल वाचत होतं, आणि काउंटरवरची फळांची टोपली राहिली, कारण ती ठेवायला कष्ट नव्हते. ताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "दोन गोष्टी राहिल्या. इस्पितळात तेवढ्याही राहिल्या नसतील."

लंबूचा आकडा उतरला. चवकरांचा एकशे छत्तीसवर थांबला, गोळी सुटली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाचं आणि बावीस वर्षांचं काहीतरी उरणारच.

तीन वर्षांनी चवकर निवृत्त झाले. आता सकाळी ते बाजारात जातात. फळवाली त्यांना लांबून बघूनच टोपलीवर कापड ओढते, कारण ते प्रत्येक पपई हुंगतात आणि शेवटी एकच घेतात. मग घरी येऊन निम्मा स्वयंपाक करतात. ताई टेबलाशी बसून निवडायचं काम करते आणि सूचना देते. जेवताना चवकर पहिला घास तोंडात घोळवतात आणि बोलायला लागतात: वाफ एक मिनिट जास्त झाली, टोमॅटो या वेळी नीट वाळला नाही, दही कालचं आहे.

"पूर्वी बरा होतास," ताई परवा म्हणाली. "निदान वर चुरा टाकून गुमान जेवायचास."

चवकर हसले आणि दह्याची वाटी तिच्याकडे सरकवली. दही खरंच कालचं होतं. तिनं ते चाखून बघितलं, आणि नव्यानं लावायला उठली.